मायनरला गणित की इलेक्ट्रॉनिक्स? सोलापुरातल्या एका बी.एस्सी. फिजिक्स विद्यार्थिनीचं नियोजन

प्रथम वर्षाचा निकाल हातात आहे, सीजीपीए दहापैकी ७.८. मेजर म्हणजे मुख्य विषय फिजिक्स ठरलेला आहे. मायनर म्हणजे जोडविषयाची पसंती कॉलेजने आठवड्याभरात लेखी मागितली आहे आणि पर्याय तीन आहेत: गणित, इलेक्ट्रॉनिक्स, रसायनशास्त्र. विद्यार्थिनी विडी घरकुल भागात राहते. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला, आई घरी विड्या वळते, धाकटा भाऊ अकरावीत. घरात तेलुगू, दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यानंतर सगळं विज्ञान इंग्रजीतून.

तिला संशोधनाकडे जावंसं वाटतं. शिकवणंही आवडतं, गल्लीतल्या दहावीच्या मुलांना ती संध्याकाळी गणित-विज्ञान शिकवते. आईचं म्हणणं सरळ आहे: "बी.एस्सी. झालं की बी.एड. कर, शाळेत लाग. घराला हातभार होतोय." पुढच्या वर्गातल्या मुली सांगतात, "इलेक्ट्रॉनिक्स घे गं, प्रॅक्टिकलला मार्क पडतात. गणितात ग्रेड जाते." आणि तिला वाटतं की आधी संशोधन की शिक्षकी हे ठरवावं, मग त्याप्रमाणे मायनर घ्यावं.

हा क्रम उलटा आहे. संशोधन आणि शिक्षकी या वाटा पाचव्या सत्रापर्यंत जवळजवळ एकच आहेत. त्याआधी निवड करायची गरज नाही. गरज आहे ती आत्ता, नकळत, एखादी वाट बंद न करण्याची. या प्रकरणात ती बंद होण्याची जागा एकच आहे: मायनरचा हा अर्ज.

गणित का

पहिलं कारण पात्रतेचं. आयआयटींच्या एम.एस्सी. फिजिक्सला प्रवेश जॅम या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. बऱ्याच आयआयटींची अट अशी की पदवीला फिजिक्स किमान दोन वर्षं म्हणजे चार सत्रं आणि गणित किमान एक वर्ष म्हणजे दोन सत्रं शिकलेलं असावं. प्रथम वर्षात तिने गणित घेतलं असेल तर काही ठिकाणी ती अट तेवढ्यानेच पुरी होते. पण प्रत्येक संस्थेची भाषा वेगळी असते, आणि गुणपत्रिकेवर 'मॅथेमॅटिक्स' या नावाने किती सत्रं दिसतात हे प्रवेशाच्या वेळी तपासलं जातं. मेजरमधला 'मॅथेमॅटिकल फिजिक्स' हा पेपर गणित म्हणून धरला जाईल असं गृहीत धरू नये.

दुसरं कारण अभ्यासाचं, आणि ते जास्त मोठं आहे. क्वांटम मेकॅनिक्समध्ये ऑपरेटर, आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनफंक्शन येतात तेव्हा लिनिअर अल्जेब्रा येत नसेल तर उरतं फक्त पाठांतर. विद्युतचुंबकत्वात डायव्हर्जन्स आणि कर्ल ही चिन्हं म्हणून लिहिता येतात, पण दिलेल्या क्षेत्रासाठी बंद पृष्ठभागावरचा फ्लक्स काढायला सांगितला की व्हेक्टर कॅल्क्युलस लागतंच. दोलनं, उष्णतेचं वहन, आरसी-एलसीआर मंडलं, सगळ्यांच्या मुळाशी डिफरन्शियल इक्वेशन्स आहेत. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात क्लासिकल मेकॅनिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स आणि क्वांटम हे एकत्र अंगावर येतात. पदवीला चांगले गुण घेतलेली मुलं तिथे अडखळतात ती बहुतेक वेळा गणितामुळे; फिजिक्सची समज कमी असते म्हणून नाही.

तिसरं कारण आईच्या बाजूचं आहे. बी.एड.ला दोन शालेय विषयांच्या अध्यापन पद्धती घ्याव्या लागतात, आणि फिजिक्स-गणित असलेल्या पदवीधराला विज्ञान व गणित ही जोडी सहज घेता येते. नववी-दहावीला जिथे दोन्ही विषय एकाच शिक्षकाकडे येतात तिथे ही जोडी उपयोगाची ठरते. दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग १ व भाग २ अशा दोन पेपरांत असतं, प्रत्येकी ४० गुण, आणि त्यात रसायन व जीवशास्त्रही आलंच. ती बाजू तिची कच्ची राहील. पण शालेय पातळीचं रसायन-जीवशास्त्र सुट्टीत भरून काढता येतं. लिनिअर अल्जेब्रा सुट्टीत भरून निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. जॅमच्या अभ्यासक्रमात सॉलिड स्टेट, डिव्हायसेस आणि इलेक्ट्रॉनिक्स असा स्वतंत्र घटक आहे, आणि डायोड, ट्रान्झिस्टर, ऑप-अँप मेजरच्या प्रॅक्टिकलमध्ये येतातच. मायनर म्हणून पाठीशी लागतं ते गणित. ग्रेड थोडी कमी पडली तरी चालेल, फक्त एटीकेटी नको. एक राहिलेला पेपर सहाव्या सत्राचा निकाल अडवतो आणि हातात आलेला प्रवेश त्यामुळे जातो.

"शाळेत लवकर लागते" हे गृहीतक

घरच्यांचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून ते नीट तपासलं.

बी.एस्सी. तीन वर्षं, बी.एड. दोन वर्षं, म्हणजे पाच वर्षांनी ती माध्यमिक शाळेसाठी पात्र होते. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर २ लागतो: १५० प्रश्न, १५० गुण, उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गाला ६० टक्के. अनुदानित आणि शासकीय शाळांची भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि तिचा आधार असते टेट ही २०० गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. आता तारखा पाहा. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी २०२३ च्या सुरुवातीला, तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षांहून जास्त काळ गेला. त्या मधल्या काळात बी.एड. पूर्ण केलेल्यांनी खासगी विनाअनुदानित शाळांत आणि क्लासेसमध्ये अल्प पगारावर दिवस काढले. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन मिळतं. २०२३ पासून ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे.

म्हणजे पाच वर्षांनी पात्रता मिळते. नोकरी कधी मिळेल ते भरतीच्या वेळापत्रकावर. आईला हे कागदावर तारखांसह दाखवणं आवश्यक होतं. शिक्षकी वाईट म्हणून हे सांगायचं नाही. या वाटेकडून पाचव्या वर्षी खात्रीचा पगार धरून घरातली बाकी आखणी, भावाचं शिक्षण किंवा कर्ज, केली जाऊ नये म्हणून सांगायचं.

बाकीच्या वाटांचा हिशेब असा. अकरावी-बारावीला शिकवायचं तर एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतं, म्हणजे एकूण सात वर्षं. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायला एम.एस्सी.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, तिथे बी.एड. लागत नाही, पण कायम जागा मिळेपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर काम करावं लागतं. संशोधनाकडे वळलं तर एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाल्यास पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये मिळतात, वर नियमाप्रमाणे घरभाडं. म्हणजे "संशोधन हे श्रीमंतांचं काम" ही घरातली समजूत आकड्यांत टिकत नाही. घरावर ओझं पडतं ते एम.एस्सी.च्या दोन वर्षांचं, आणि आखणी त्या दोन वर्षांच्या खर्चाची करायला हवी.

"एम.एस्सी. करता करता बी.एड. उरकून टाकू" असा एक सल्लाही तिला मिळाला होता. दोन पदव्या एकाच वेळी करायला यूजीसीने २०२२ मध्ये मुभा दिली, पण वेळा एकमेकींवर येता कामा नयेत अशी अट आहे. बी.एड.मध्ये २० आठवडे शाळेत काढायचे असतात, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. एम.एस्सी.ची प्रॅक्टिकल आणि प्रकल्प सांभाळून हे जमत नाही. एम.एस्सी. आधी, बी.एड. नंतर हाच क्रम बरोबर, कारण मधली दोन वर्षं विषयापासून दूर गेली की जॅमसाठी परत उभं राहणं फार जड जातं. उलट एम.एस्सी.नंतर बी.एड. कधीही करता येतं.

तिसरं आणि चौथं सत्र: खरं काम इथे आहे

विद्यापीठाची परीक्षा आणि जॅम वेगळ्या गोष्टी मागतात, आणि ७.८ च्या सीजीपीएत हा फरक लपून राहतो. विद्यापीठ विचारतं: कार्नो इंजिनाच्या कार्यक्षमतेचं सूत्र सिद्ध करा. ती सहा गुणांचं उत्तर पान भरून लिहिते. जॅमच्या धर्तीचा प्रश्न असा येतो: ३०० केल्विनचं १ किलो पाणी आणि ३६० केल्विनचं १ किलो पाणी उष्णतारोधक भांड्यात मिसळलं, एन्ट्रॉपीत एकूण किती बदल? इथे अंतिम तापमान ३३० केल्विन, मग दोन्ही भागांच्या बदलांची बेरीज, म्हणजे ४२०० गुणिले नैसर्गिक लॉग ऑफ [३३० चा वर्ग भागिले (३०० गुणिले ३६०)]. उत्तर सुमारे ३५ ज्यूल प्रति केल्विन. तिने हा प्रश्न सोडवताना थंड पाण्याची एन्ट्रॉपी वाढते तेवढीच गरम पाण्याची कमी होते असं धरलं आणि शून्य लिहिलं. उष्णता तेवढीच जाते हे खरं, पण ती वेगळ्या तापमानाला जाते. सूत्र पाठ असून कल्पना निसटलेली होती. अशी गळती फक्त उदाहरणं सोडवताना सापडते.

म्हणून आठवड्याला चार बैठका, प्रत्येकी दीड तास, फक्त उदाहरणांसाठी. वेगळी वही. चुकलेलं प्रत्येक उदाहरण त्या वहीत उतरवायचं आणि शेजारी एका ओळीत चूक कशाची ते: संकल्पनेची, गणिताची, की एककाची. महिन्याअखेर ती ओळ मोजली की पुढच्या महिन्यात कशावर बसायचं ते आपोआप कळतं. शिकवण्या आठवड्याला सहा तासांच्या वर जाऊ द्यायच्या नाहीत. त्यातून हातखर्च सुटतो आणि शिकवणं खरंच झेपतं का हेही कळतं, पण परीक्षेच्या महिन्यात त्याच शिकवण्या अभ्यास खातात.

गणिताचा क्रम: तिसऱ्या सत्रात व्हेक्टर कॅल्क्युलस आणि साध्या डिफरन्शियल इक्वेशन्स, चौथ्यात मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, फूरिअर सिरीज आणि कॉम्प्लेक्स संख्यांचं प्राथमिक काम. मायनरच्या अभ्यासक्रमात यातलं काही नसेल, उदाहरणार्थ नंबर थिअरीसारखा पेपर आला, तर एनपीटीईएल या ऑनलाइन संकेतस्थळावरची व्याख्यानं मोफत आहेत. इंग्रजी ऐकायला पहिले काही दिवस जड जाईल. व्याख्यान थांबवून स्वतः पुढची ओळ काढून बघायची, मग पुढे जायचं.

प्रयोगशाळेबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे सर्वांत जास्त वाया जातं. जर्नल सुंदर, आकृत्या पेन्सिलीने, आणि निष्कर्षात "g = ९.८, प्रयोग यशस्वी". साध्या लोलकाचं उदाहरण घेऊ: लांबी ६४ सेंमी, आवर्तकाळ साधारण १.६ सेकंद. २० दोलनं मोजली तर सुमारे ३२ सेकंद. घड्याळ दाबण्यातली चूक ०.२ सेकंद धरली तर आवर्तकाळात ०.६ टक्के, आणि गुरुत्वत्वरणात आवर्तकाळाचा वर्ग येतो म्हणून ती दुप्पट, सव्वा टक्का. लांबीत एक मिलिमीटर चुकला तर फक्त ०.१६ टक्के. म्हणजे पट्टी अधिक बारकाईने वाचण्यात वेळ घालवून फायदा नाही. ५० दोलनं मोजली तर चूक अर्ध्या टक्क्यावर येते. हा विचार जर्नलमध्ये लिहिणारी विद्यार्थिनी उन्हाळी प्रकल्पाच्या मुलाखतीत वेगळी दिसते, आणि पुढे वर्गात प्रयोग घेणारी शिक्षिका म्हणूनही.

संगणकाचं थोडं काम हवं: पायथॉन, आलेख काढणं, एक डिफरन्शियल इक्वेशन संख्यात्मक रीतीने सोडवणं. पहिला सराव म्हणून साधं सरल आवर्त दोलन ऑयलरच्या पद्धतीने सोडवावं. कोनीय वारंवारता १ आणि पाऊल ०.१ घेतलं तर प्रत्येक पावलाला ऊर्जा १ टक्क्याने वाढते, १०० पावलांत २.७ पट होते. ऊर्जा अक्षय्य असताना संगणक ती वाढवून दाखवतो! हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की रुंगे-कुट्टा ही जास्त अचूक पद्धत कशासाठी ते सांगावं लागत नाही. घरी लॅपटॉप नाही, पण एवढं काम फोनवर ब्राउझरमध्येही होतं.

सुट्ट्यांसाठी तीन ठिकाणी लक्ष ठेवायचं. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप, जिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी भरायचे असतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा, मुंबईचा, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस कार्यक्रम. आणि पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्र संस्थांची पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा. तिन्हींना शिक्षकांचं शिफारसपत्र किंवा स्वतःचं टिपण लागतं, आणि शिफारसपत्र शेवटच्या दिवशी मागितलं की दोन ओळींचं मिळतं. तिसऱ्या सत्राच्या दिवाळीआधी एका शिक्षकांना आपली उदाहरणांची वही आणि एक नीट लिहिलेला प्रयोग दाखवून ठेवायचा. जानेवारीत भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची, आयएपीटीची, पदवी पातळीवरची एनजीपीई परीक्षा असते. तयारी मोजायला चांगली.

पाचवं सत्र: इथे वाट फुटते

जॅमचे अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, गुण त्याच वर्षाच्या प्रवेशापुरते. मुलींना शुल्क निम्मं. पेपर तीन तासांचा, ६० प्रश्न, १०० गुण. त्यात एक पर्याय बरोबर असलेले ३० प्रश्न ५० गुणांचे. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणारे १० प्रश्न २० गुणांचे. आणि संख्यात्मक उत्तराचे २० प्रश्न ३० गुणांचे. ऋण गुण फक्त पहिल्या भागात, गुणांच्या एक तृतीयांश. दुसऱ्या भागात अर्धवट उत्तराला काहीच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ: चारही पर्याय सारखेच वाटत असताना ठोकून दिलं तर सरासरीने मिळकत शून्य, एक पर्याय खात्रीने खोडता आला तर दोन गुणांच्या प्रश्नात सरासरी सुमारे ०.२ गुणांचा फायदा. म्हणून एक खोडता येतो तिथे उत्तर द्यायचं, नाही तिथे सोडायचं. संख्यात्मक भाग कोरा कधीच ठेवायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत जॅमच्या संकेतस्थळावरच्या जुन्या तीन प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या आणि ऋण गुणांसह तपासायच्या. तिन्हींत ३० च्या वर असेल तर फेब्रुवारीपर्यंत सगळा भार जॅमवर. २० च्या खाली असेल तर जॅम द्यायचीच, पण मुख्य लक्ष विद्यापीठांच्या प्रवेशावर. हे कटऑफ नव्हेत, निर्णयासाठी आखलेल्या रेघा आहेत. मधे पडली तर चुकांच्या वहीकडे पाहायचं: चुका गणिताच्या असतील तर तीन महिन्यांत सुधारतात, संकल्पनेच्या असतील तर वेळ जास्त लागतो.

जॅमच्या गुणांवर एनआयटींचे प्रवेश सीसीएमएन या एकत्रित प्रक्रियेतून होतात, आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएच.डी.लाही ते चालतात. त्याशिवाय तिच्यासाठी तीन नावं ठळक आहेत. केगावचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, जिथे घरी राहून एम.एस्सी. होते आणि खर्च सर्वांत कमी. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा विभाग, स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून. आणि हैदराबाद विद्यापीठ, सीयूईटी-पीजी या सामाईक प्रवेश परीक्षेतून. सोलापूरची मुलं पुण्याकडेच पाहतात, पण हैदराबाद रेल्वेने फार लांब नाही, आणि घरात तेलुगू बोलणाऱ्या मुलीला ते शहर परकं वाटणार नाही. आईलाही पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचं वाटलं.

बी.एड. सीईटीचा अर्जही भरून ठेवायचा. बी.एड.ला लगेच जायचं नसलं तरी. एम.एस्सी.चं कुठेच जमलं नाही तर वर्ष मोकळं जाऊ नये, एवढ्यासाठी.

चौथं वर्ष घ्यायचं का

नव्या शैक्षणिक धोरणात सहा सत्रांनंतर बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तिचा सीजीपीए रेघेच्या जरासाच वर आहे. कॉलेजला दोन प्रश्न विचारायचे: विभागात पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कायम प्राध्यापक किती, आणि प्रकल्प कोणत्या उपकरणांवर होणार? उत्तर गुळमुळीत आलं तर तीन वर्षांनी बाहेर पडून दोन वर्षांची एम.एस्सी. हाच मार्ग. ऑनर्सनंतरची एम.एस्सी. एका वर्षाची धरली तरी वर्षं तेवढीच, पाच. परदेशी पीएच.डी.चा विचार पक्का असता तर चौथ्या वर्षाचं वजन वाढलं असतं. या प्रकरणात तो नाही.

कागदपत्रं

अंतिम सत्राचा निकाल प्रवेशाच्या मुदतीआधी लागेलच असं नाही. पाचव्या सत्रापर्यंतच्या सगळ्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती आणि प्राचार्यांचं 'अंतिम सत्रास प्रविष्ट' असल्याचं पत्र मे महिन्यातच घेऊन ठेवायचं.

जातीचा आणि नॉन-क्रिमी लेयरचा दाखला राज्याच्या नमुन्यात तिच्याकडे आहे. जॅम आणि केंद्रीय विद्यापीठांना केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला दाखला लागतो, आणि राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असं नाही. अर्ज भरण्याआधी केंद्राच्या यादीत नाव पाहायचं. असेल तर जुलैमध्येच सेतू केंद्रात केंद्राच्या नमुन्याची मागणी नोंदवायची; नसेल तर जॅम आणि सीयूईटीचा अर्ज खुल्या प्रवर्गातून भरायचा, आणि राज्याचा दाखला केगाव, पुणे व बी.एड. सीईटीसाठी वापरायचा.

मायनरच्या अर्जावर तिने गणित लिहिलं आहे. दुसऱ्या पसंतीला इलेक्ट्रॉनिक्स.